हिरा शेवटी पाहावा

जुनी हिऱ्याची अंगठी हातात आली की आधी पालथी करावी. हिरा डोळ्यांना बोलावत राहतो. तेवढ्यापुरतं त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. साठ-सत्तर वर्षं कुणाच्या तरी बोटात राहिलेल्या अंगठीत फारसं काही न बदललेली वस्तू एकच, आणि ती म्हणजे हिरा. बाकी सगळं झिजतं, वाकतं, सैल होतं, कुणीतरी पुन्हा डाख देऊन जोडतं. ज्याच्यावर काळाची खूणच उमटत नाही त्याला त्या अंगठीच्या आयुष्याबद्दल काय विचारायचं? विचारायचं ते सोन्याला. मागच्या जाळीला, कडीच्या तळाला, खड्यांना धरून बसलेल्या नखांना. हिरा सगळ्यांत शेवटी पाहावा, हे मी नागपूरच्या इतवारीत शिकले.

इतवारीतला सराफा दोन मजल्यांवर चालतो. खाली दुकानं : काचेची कपाटं, प्रखर पांढरे दिवे, थंड हवा, गादी-तक्क्याच्या जागी आता फिरत्या खुर्च्या. वर जायला अरुंद, अंधारा जिना आणि जिन्याच्या टोकाला कारागिरांच्या खोल्या. तिथे बंगालकडून आलेली पोरं ओळीनं मान खाली घालून बसलेली असतात, आणि एखाद्या खोलीत अजून एखादा जुना मराठी सोनारही सापडतो. असेच एक काका मला भेटले. सत्तरी ओलांडलेले, बोलायला मोकळे, पण भिंग डोळ्याला लावलं की शब्द नाही. त्यांच्या बैठकीला उत्तरेची खिडकी आहे. खालच्या दुकानाच्या मालकानं त्यांना याहून मोठी खोली देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही, कारण तिला खिडकी पश्चिमेची होती.

उजेडाचं महत्त्व मला तिथेच कळलं. दुकानातले दिवे हिऱ्यांसाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली झिरकॉनसुद्धा राजासारखा मिरवतो. नागपूरचं मे महिन्यातलं ऊनही या कामाचं नाही. त्या उन्हात हिरा नुसत्या ठिणग्या फेकतो आणि बघणाऱ्याला डोळे बारीक करायला लावतो. श्रावणात ढग खाली उतरलेले असताना सकाळी दहा-अकराला खिडकीतून जो सपाट, राखाडी, सावली न पाडणारा उजेड येतो, तो खरा. त्यात हिऱ्यातली पिवळट झाक लपत नाही, सोन्यातली डाखाची रेघ लपत नाही, आणि पॉलिशखाली दडवलेले ओरखडेही वर येतात. उन्हाळ्यातच पाहायची वेळ आली तर दारात यावं, उन्हाकडे पाठ करावी आणि अंगठी आपल्याच सावलीत धरावी.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका ढगाळ सकाळी मैत्रिणीबरोबर मी त्या खिडकीपाशी बसले होते. अंगठी नागपूरच्या महाल भागातल्या एका घरातली. घर विकायला निघालं होतं, भावंडांच्या वाटण्या चालल्या होत्या, आणि आजीची ही अंगठी कुणाच्याच बोटात येत नव्हती. एका दुकानात त्यांनी भाव काढला होता. दुकानदारानं अंगठी काट्यावर ठेवली, खड्यांचं वजन अंदाजानं वजा केलं, घट धरली आणि उरलेल्या सोन्याचा आकडा सांगितला. खडे बारीक आहेत, त्यांचं काही येणार नाही, हवे असतील तर काढून परत देतो, म्हणाला.

यात लबाडी नव्हती. मोडीचा हिशेब असाच असतो. नवा दागिना घेताना आपण घडणावळ मुकाट्यानं मोजतो. तोच दागिना मोडायला नेला की ती घडणावळ कुणाच्याच वहीत नसते. मला याचं दर वेळी वाईट वाटतं, आणि ते वाटणं भाबडं आहे असं मी मानत नाही. सोनं मुशीतून पुन्हा सोनं होऊनच निघतं. हिरा कोंदणातून काढला तरी हिराच राहतो. नाहीसं होतं ते फक्त काम. आणि नेमकं तेवढंच बाजारात पुन्हा मिळत नाही. म्हणून माझ्या मैत्रिणीनं त्या घराला निरोप धाडला की मोडू नका, आम्ही पाहतो.

नागपूरनं हा हिशेब याहून कितीतरी मोठ्या मापानं पाहिला आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्यानंतर वाड्यातली चीजवस्तू बाहेर निघाली; हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याला रवाना होऊन तिथल्या बाजारात विकलं गेलं. राजघराण्यातल्या म्हाताऱ्या राणी बांकाबाईंनी जीव तोडून विरोध केला, तो कुणी जुमानला नाही. हा प्रसंग वाचताना राज्य गेल्याचा संताप येतो, तो यायलाच हवा. पण माझं मन दुसरीकडेही जातं. त्या शिरपेचांची, त्या कंठ्यांची पाठ कशी असेल? कलकत्त्याच्या टेबलावर कुणी एखादा तरी दागिना उलटून पाहिला असेल का? महाराष्ट्र शासनानं पहिल्या रघूजींची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सोडवून आणली, तेव्हा तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत लिहिलेलं रघूजींचं नाव सगळ्यांनी कौतुकानं वाचलं. तलवार मोडीत निघाली नाही म्हणून ते नाव उरलं. दागिन्यांच्या नशिबी ते क्वचितच येतं. दागिना वितळवणं फार सोपं आहे.

काकांनी अंगठी हातात घेतली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : “ताई, समोरून नका पाहू. समोरून तर कोणतीही अंगठी चांगलीच दिसते. मागून पाहा जी.”

सात खड्यांचं फूल होतं ते. मधला हिरा थोडा मोठा, भोवती सहा. आपल्याकडच्या जुन्या कुड्यांत दिसते तीच मांडणी, अंगठीवर आणलेली. मैत्रीण ती धुऊन आणणार होती, मीच नको म्हटलं होतं. न धुतलेली अंगठी खूप काही सांगते. खड्यांच्या पाठीशी करड्या रंगाचा लपका बसलेला होता : साबण, तेल, आणि काकांनी सुईच्या टोकानं खरवडून दाखवलं ते वाळलेलं पीठ. म्हणजे ही अंगठी कपाटात पडून नव्हती. तिनं कणीक मळली होती. रोज घातलेली अंगठी सणावारी घातलेल्या अंगठीपेक्षा जास्त झिजते, त्यामुळे कुठे किती झीज शोधायची याचा अंदाज त्या पिठानंच दिला. हिऱ्याला तेल-तूप फार लवकर धरतं. खाणींमध्ये याच गुणावर हिरे वेचले जातात. खडीचं पाणी ग्रीस फासलेल्या पाटावरून सोडतात, दगड वाहून जातात आणि हिरे चिकटून राहतात. त्यामुळे स्वयंपाकघरात वावरलेला हिरा मंद दिसणारच. त्यावरून त्याची किंमत ठरवू नये.

मग काकांनी ती रिठ्याच्या कोमट पाण्यात टाकली. टाकण्याआधी मात्र पाठ उघडी असल्याची खात्री केली. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली चकाकीसाठी पातळ पत्रा घालत. तिथे पाणी शिरलं की पत्रा काळवंडतो आणि खडा कायमचा मेलेला दिसतो. बंद पाठीची अंगठी कोरड्या ब्रशच्या पुढे नेऊ नये.

धुतल्यावर पाठ उघडली. प्रत्येक खड्याखाली एक खिडकी होती, पाकळीच्या आकाराची, आणि सातही खिडक्या मिळून मागच्या बाजूला दुसरं फूल तयार झालेलं होतं. केसाएवढ्या पात्याच्या करवतीनं हातानं कापलेलं. भिंगातून पाहिलं तेव्हा दिसलं की प्रत्येक खिडकीच्या कडेला उतार दिलेला आहे, आणि आतली भिंतसुद्धा गुळगुळीत आहे. एवढ्या बारीक भोकात कानस जात नाही. काका म्हणाले, दोऱ्याला जिल्हईची पूड लावून तो दोरा भोकातून ओढत राहायचा, मागेपुढे, मागेपुढे, आतली भिंत चमकेपर्यंत. ही जागा बोटाच्या कातडीला लागून असते. घालणारीलाही ती दिसत नाही. उजेड मागून खेळावा म्हणून खिडकी लागते हे खरं, पण त्यासाठी साधं गोल भोकही पुरलं असतं. पाकळी कापायला सांगणारं कुणी नव्हतं, तिचे जास्त पैसे देणारंही बहुधा कुणी नव्हतं. ती त्या माणसानं कापली. एक पाकळी बाकीच्यांपेक्षा किंचित रुंद आहे, करवत जरा पुढे गेली असावी. पुढच्या पाकळीत त्यानं ती रुंदी अलगद जुळवून घेतली आहे. मी ती जागा बराच वेळ पाहत राहिले.

आता बहुतेक अंगठ्या मेणाच्या नमुन्यावरून ओतल्या जातात. ओतकाम मुळात कमी प्रतीचं असं माझं म्हणणं नाही. हात लावून नीट उजळलेलं ओतकाम सुंदर असतं. पण घाईचं ओतकाम पाठीमागे लगेच पकडता येतं. टाचणीनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं, गोलावलेल्या कडा, जाळीत तसाच राहिलेला खरखरीतपणा. अशी छिद्रं नखाच्या बुडाशी असली तर काळजी करावी, कारण नख तिथेच तुटतं.

कडीकडे वळलो. वरच्या अंगाला ती चांगली जाड होती, आणि तळहाताच्या बाजूला येईतो निम्मी उरली होती, जुन्या जात्याचा खुंटा हाताच्या मुठीत झिजावा तशी. त्याच बाजूला काकांनी हलकी फुंकर घातली. वाफ बसली आणि क्षणभर दोन आडव्या रेघा दिसल्या. मधला तुकडा थोडा जास्त पिवळा. एक रेघ असती तर अंगठी कापून लहान केली असं समजायचं. दोन रेघा आणि मधे तुकडा म्हणजे मोठी केली. “बाईचं बोट भरत गेलं, अंगठी काढून नाही ठेवली त्यांनी. वाढवून घेतली,” काका म्हणाले. घरच्यांना हे माहीत नव्हतं. आजी अंगठी कधी काढायची नाही एवढंच त्यांना आठवत होतं. माप बदललेल्या अंगठीत आणखी एक पाहायचं असतं : कडी ताणली गेली की फुलाचा तळ किंचित उकलतो आणि टोकाचे खडे सैल होतात. अंगठी कानाशी धरून नखानं टिचकी मारावी. खडा हलत असेल तर बारीक किणकिण ऐकू येते. ही गप्प होती.

नखांची तपासणी बाजूनं करतात. चांगल्या नखाचं टोक गोलसर असतं आणि ते खड्याच्या कडेवर पूर्ण टेकलेलं असतं, मधे फट नसते. झिजलेलं नख चपटं होतं, पातळ होऊन पसरतं, आणि एक दिवस भाजी धुताना खडा मोरीत जातो. सुती मलमलचा तुकडा फुलावरून फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथलं नख उचललेलं. आमच्या अंगठीत एकाच जागी अडकला. सहाव्या खड्यापाशी. तिथलं एक नख इतरांपेक्षा ओबडधोबड होतं आणि रंगानंही वेगळं. बाकीची नखं मात्र इतक्या वर्षांच्या मानानं चकित करणारी शाबूत होती.

काकांनी भुवई उंचावली, कसोटीचा काळा दगड काढला, कडीच्या आतल्या बाजूनं एक रेघ ओढली, आम्लाचा थेंब दिला आणि म्हणाले, “चौदा.” खाली कॅरेट मीटरवर नेऊन पाहिलं तर सोनं ५८ टक्क्यांच्या थोडं वर आलं. म्हणजे चौदाच.

पुढची पाच-दहा मिनिटं त्यांनी अंगठी बाजूला ठेवली आणि या चौदामागची गोष्ट सांगितली. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. परदेशी चलन वाचवायचं होतं, सोन्याचा मोह कमी करायचा होता. २२ कॅरेटवर हात बसलेल्या सोनारांचा धंदा एका रात्रीत बसला. देशभर मोर्चे निघाले, कित्येकांनी आत्महत्या केल्या. काका तेव्हा शाळेत होते. घरातली बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, थंड पडली, वडील एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसू लागले, आणि संध्याकाळी घरी आले की आपल्या फुंकणीवर बसलेली धूळ पुसून ठेवत. १४ कॅरेटची ती अट १९६६ मध्ये उठली. सुवर्ण नियंत्रणाचा १९६८ चा कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. वडील परत बैठकीवर आले, पण “त्यांचं हसणं काही परत नाही आलं,” असं काका म्हणाले, आणि त्यांनी अंगठी पुन्हा उचलली.

नुसत्या चौदाच्या कसावरून अंगठीचं वय ठरत नाही. हलक्या वजनाचे १४ कॅरेटचे दागिने आताही घडतात. पण हातानं कापलेली जाळी, जुन्या पद्धतीचे खडे आणि हा कस एकत्र आले की बोट त्या तीन-चार वर्षांकडेच जातं. महालातल्या घरी विचारलं तेव्हा आजोबा-आजींचं लग्न चौसष्टचं निघालं. बंदीच्या काळात, हातातलं काम गेलेल्या किंवा जायला आलेल्या कुणा कारागिरानं, ज्या धातूला त्याचा समाज शिव्या देत होता त्या धातूत ही पाकळ्यांची पाठ कापली होती. चौदाचं सोनं कडक असतं. तांबं-चांदीचा वाटा जास्त, त्यामुळे करवत अडखळते आणि नख वाकवताना जोर लागतो. तेच नख एकदा बसलं की सहज उठत नाही. २२ कॅरेटची नखं रोजच्या कामात इतकी वर्षं टिकली नसती. म्हणूनच हिऱ्याला सहसा १८ किंवा १४ चं सोनं वापरतात. ती अंगठी त्याच्या रागाची असेल की समाधानाची, मला सांगता येणार नाही. काम मात्र कुठेही हात राखून केलेलं नाही.

आता हिऱ्यांकडे यायला हरकत नव्हती. दहापट भिंग डोळ्याच्या अगदी जवळ आणि अंगठी भिंगाजवळ, दोन्ही कोपर टेबलावर टेकवून, म्हणजे हात थरथरत नाही. पहिल्यांदा पैलूंच्या कडा पाहायच्या. काच किंवा झिरकॉन इतकी वर्षं बोटात राहिला तर त्याच्या कडा बोथट होतात, वरच्या सपाट पैलूवर धुरकट जाळी येते. हिऱ्याच्या कडा तशाच धारदार राहतात. त्याला ओरखडा काढायला दुसरा हिराच लागतो. म्हणून हिऱ्याचे दागिने एका डबीत एकावर एक टाकू नयेत. फुंकर मारली तर हिऱ्यावरची वाफ लगेच उडते, कारण तो उष्णता झटक्यात वाहून नेतो. उष्णतेवर चालणारं टेस्टर पेन याच गुणावर बोलतं. पण मोइसानाइट नावाचा खडा त्या पेनालाही फसवतो. त्याला तिरपं धरून भिंगातून पाहिलं की मागच्या पैलूंच्या रेघा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरीच असतात.

सातांतले सहा खडे सिंगल कटचे होते. आजच्या गोल ब्रिलियंटला ५७ किंवा ५८ पैलू असतात, सिंगल कटला १७-१८. त्यामुळे तो बारीक चुरा झाल्यासारखा लुकलुकत नाही. मोठ्या, शांत, एकेका झळाळीनं चमकतो. कंबरेची कड पांढुरकी, दळल्यासारखी, पैलू न पाडलेली. अंगठी हलवल्यावर सहा खडे एका लयीत बोलत होते आणि मलमलचा धागा अडकला होता तो सहाव्या जागेवरचा भलतंच. तो ५७ पैलूंचा, जास्त पांढरा, कंबरेलाही पैलू पाडलेला. मूळ खडा केव्हातरी पडला, आणि पुढच्या दुरुस्तीत हा बसवला, वेगळ्या सोन्याच्या नखासकट. पेन त्याच्यावरही वाजलं, भिंगात दुहेरी रेघा नव्हत्या, म्हणजे तो हिरा होता. पण जमिनीतून आलेला की यंत्रात वाढवलेला? अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकनं प्रयोगशाळेत हिरा बनवल्याचं १९५५ मध्ये जाहीर केलं. आज सुरतेत असे हिरे ढिगानं तयार होतात, आणि तो खराच हिरा असल्यामुळे भिंगानं वेगळा काढता येत नाही. प्रयोगशाळेत काढता येतो. पाच सेंटच्या खड्यासाठी तो खर्च कोण करणार? अशा वेळी माझं मत सरळ आहे. त्या खड्याची किंमत शून्य धरावी आणि बाकीच्या सहांवर बोलावं.

वजनही न काढता अंदाजता येतं. गोल हिरा साडेसहा मिलिमीटरचा असेल तर साधारण एक कॅरेट, तीनचा असेल तर दहा सेंट. हिऱ्याच्या वजनाचं कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि सेंट हा त्याचा शंभरावा भाग. मधला तीनचा होता, भोवतालचे अडीचच्या आत. सगळे मिळून चाळीस सेंटच्या घरात. मधल्या हिऱ्याच्या पोटात एक काळा ठिपका आणि त्याच्या शेजारी पांढरी पिसासारखी चीर, दोन्ही आतच थांबलेली. आत थांबलेल्या दोषाला मी घाबरत नाही. चीर पृष्ठभागापर्यंत आली असेल, विशेषतः कंबरेच्या कडेला, तर मात्र विचार करावा. हिरा कठीण असतो म्हणजे फुटत नाही असं नव्हे. त्याला चार दिशांना फुटायची जन्मजात वाट असते, आणि त्या वाटेवर नेमका घाव बसला तर ओट्याच्या कडेवरही त्याचा टवका उडतो. तुकोबांनी संतांच्या सोसण्यासाठी ऐरणीवरच्या हिऱ्याचा दाखला दिला, तो माणसाच्या मनाबद्दल आहे. खड्यावर तो प्रयोग कुणी करू नये. टवका उडालेली कड नखाखाली दडवण्याची युक्तीही जुनी आहे, त्यामुळे प्रत्येक नखाच्या दोन्ही बाजूंनी कडेची रेघ सलग जाते का ते पाहायचं.

ही नजर आपल्याकडे फार जुनी आहे. रत्नपरीक्षेच्या संस्कृत ग्रंथांनी उत्तम हिऱ्याला सहा टोकं, आठ पृष्ठं आणि बारा धारा सांगितल्या. जमिनीतून निघणाऱ्या अष्टफलक हिऱ्याचं हे अचूक मोजमाप आहे. दोषांचीही त्यांनी नावं ठेवली : बिंदू, रेषा, कावळ्याच्या पायासारखी दिसणारी चीर ती काकपद. आणि हिरे कुठे मिळतात हे सांगताना वराहमिहिरानं सहाव्या शतकात वेणा नदीच्या काठाचं नाव घेतलं. काही अभ्यासक तिला वैनगंगा मानतात. ऐन-इ-अकबरीत वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद तर स्पष्टच आहे. हे वैरागड आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत गेलं की खोब्रागडी नदीच्या काठाशी येतं. पडकी तटबंदी, खंदक, आत माजलेलं रान. नदीच्या खडी-मातीत खड्डे खणून तिथे हिरे काढत असत. त्या खाणी कधीच बंद झाल्या. मी नदीच्या पात्रात उभी राहिले होते तेव्हा काठावर भाताची रोवणी चालली होती, आणि बायकांना हिऱ्यांचं विचारलं तर त्यांनी किल्ल्याकडे बोट दाखवलं. विदर्भातल्या बाईला हिरा ही बाहेरची, मुंबई-सुरतेची चीज वाटते, याचं मला तिथे फार आश्चर्य वाटलं. आमच्या अंगठीतले खडे वैरागडचे नक्कीच नव्हते. साठच्या दशकातला असा बारीक माल बहुधा आफ्रिकेच्या खाणींतून येई. जुन्या बायका कुड्या घेताना ‘ब्लू जागर’ मागत, ते नावही दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफोंटाइन खाणीवरून आलेलं. उन्हात निळसर झळाळणारे ते हिरे. नागपूरच्या उन्हात ती निळाई किती खुलत असेल!

मैत्रिणीनं हळूच विचारलं की जुने खडे काढून पुन्हा नवे पैलू पाडून घेतले तर जास्त चमकतील का. चमकतील. त्र्यंबकेश्वरहून गेलेला नाशिकचा हिरा १९४० मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा कापला तेव्हा तोही जास्त चमकला, आणि ८० कॅरेटवरून ४३ वर आला. मला तो सौदा कधीच पटलेला नाही. जुने पैलू कंदिलाच्या, समईच्या उजेडात खुलतात. रात्री वीज गेल्यावर एखादी मेणबत्ती लावून अशी अंगठी पाहावी.

आणि ‘दुसऱ्याचा हिरा लाभतो का’ हा प्रश्न. तो विचारणाऱ्यांना मी हसत नाही. कुणाचं दुःख आपल्या घरात येऊ नये ही साधी इच्छा त्यामागे असते. पण माझ्या मते विचारायचं असेल तर विकणाऱ्याला विचारावं : का विकताय, कुणाची होती, ती कशी होती. महालातल्या भावंडांनी तासभर सांगितलं. हिरा लाभतो का हे पाहायला तो रात्री उशाखाली ठेवतात, मैत्रिणीला त्याची गरज वाटली नाही.

भाव ठरवताना तिनं एक केलं, ते मी आधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. सोन्याचा त्या दिवसाचा १४ कॅरेटचा भाव धरला, सहा खड्यांची जुन्या मालाची किंमत धरली, आणि मग काकांना विचारलं, ही जाळी आज करून घ्यायची तर मजुरी किती? काका म्हणाले, चार दिवस पाठीलाच लागतील, आणि पोरं करून द्यायला तयार होणार नाहीत, मलाच बसावं लागेल. त्यांनी सांगितलेला आकडा तिनं कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिला. भावंडांतल्या थोरल्या भावाला ती ओळ कळेना. “हे कशाचे?” असं त्यानं दोनदा विचारलं. अंगठी उलटी करून, भिंग देऊन त्याला ती पाठ दाखवली. त्या अंगठीसोबत तो लहानाचा मोठा झाला होता आणि ती बाजू तो पहिल्यांदा पाहत होता.

दुरुस्ती दोन ठिकाणी होती : सहाव्या खड्याचं नख आणि कडीचा झिजलेला तळ. नखावर वाद झाला नाही. कडीवर झाला. मैत्रिणीचं म्हणणं, खालचा अर्धा भाग नवा घालायचाच आहे तर १८ चा घालू, थोडी किंमत वाढेल. मी म्हटलं, चौदाचाच हवा. अर्धी कडी एका कसाची आणि अर्धी दुसऱ्या, मग पुन्हा रंग वेगळा, झीज वेगळी, आणि पुढच्या पिढीत कुणी फुंकर घातली की पुन्हा तेच कोडं. काका आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चौदाचा तयार पत्रा खाली मिळेल, पण त्याचा रंग आजचा, हा जुना तांबूस आहे. मी घरचं शुद्ध सोनं घेऊन तांबं जास्त, चांदी कमी अशी मिसळ करतो, रंग जुळेपर्यंत. जोडतुकडा मात्र काढू नका, आजीबाईंनी घालून घेतलेला आहे, तो मी बाजूला सरकवून ठेवतो. शुक्रवारच्या आधी विचारायला येऊ नका, आणि अंगठी आली की दुकानातल्या धुण्याच्या यंत्रात अजिबात टाकू नका, त्या थरथरीनं जुनी नखं सैल होतात. रिठा घरी आहे ना?